कलपाच्या पुडीवर न लिहिलेलं

कोणत्याही जनरल स्टोअर्सच्या दारात पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. शांपू, मेंदी, कलप. कलपाची पुडी उलटी करून पाहिली, की मागे डोळे बारीक केल्याशिवाय वाचता येऊ नये अशा अक्षरांत एक सूचना सापडते: काहींच्या त्वचेची आग होऊ शकते म्हणून आधी चाचणी करा, पापण्यांना आणि भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. ही सूचना नियमाने बंधनकारक आहे. इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही वेष्टनांवर ती छापावीच लागते. तिच्यातला शब्द न शब्द खरा आहे. पण पुडीत पॅराफिनिलीनडायअमीन असेल, डॉक्टर ज्याला थोडक्यात पीपीडी म्हणतात ते, तर तो कलप पोटात गेल्यावर काही तासांत चेहरा आणि गळा सुजतो, श्वास कोंडतो, आणि त्यातून माणूस वाचला तर मूत्रपिंडांवर संकट येतं. नियमाने ठरवून दिलेल्या मजकुरात गिळण्याबद्दल एक अक्षर नाही. काही कंपन्या स्वतःहून ‘मुलांपासून दूर ठेवा’ असं छापतात, तेवढंच. माझं सगळं म्हणणं या एका उणिवेबद्दल आहे.

या म्हणण्याला विरोध करणाऱ्यांची बाजू मला हलकी करून मांडायची नाही. म्हणून ती मी एका माणसाच्या तोंडी घालते. तालुक्याच्या पेठेत उभं आयुष्य दुकान चालवलेले, गिऱ्हाइकाला नावानिशी ओळखणारे एक काका समोर बसले आहेत असं समजू. त्यांचा पहिला मुद्दा अनुभवाचा असेल. “ताई, लग्नसराईत आणि गणपतीच्या आधी या पुड्या मला पुरत नाहीत. निम्मं गाव कलप लावतं. आजवर एक माणूस तक्रार घेऊन आला नाही. ज्यानं कुणाला काही होत नाही, त्याच्यावर विषाचा शिक्का मारायचा म्हटलं तर फिनेल, चुना, रॉकेल, कशाकशावर मारणार?”

काका, तक्रार येत नाही हे खरंच असणार, पण ती का येत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. पीपीडीची ॲलर्जी मधमाशी चावल्यासारखी जागच्या जागी उठत नाही. कलप लावल्यावर एक ते तीन दिवसांनी खाज सुरू होते, आणि डोक्याची कातडी जाड असल्यामुळे बऱ्याचदा ती डोक्यात नसतेच. पापण्या सुजतात, कानांमागे पाणी सुटतं, कपाळाच्या कडेने आणि मानेवर पुरळ येतो. रविवारी कलप लावलेला माणूस मंगळवारी सुजलेले डोळे घेऊन उठतो तेव्हा त्याला आदल्या रात्रीची कोळंबी आठवते. घरचे म्हणतात, पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लाव. तुमच्या दुकानाची वाट त्याला दिसावी कशी? शिवाय ही ॲलर्जी वापरता वापरता जडते. दहा वर्षं काहीही न झालेल्याला अकराव्या वर्षी एकदम त्रास होतो, म्हणूनच चाचणी दर वेळी करायची असं नियमात म्हटलं आहे: कानामागे किंवा कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या आतल्या बाजूला थोडा कलप लावायचा, वाळू द्यायचा, चोवीस तास थांबायचं. ही चाचणी किती घरांत होते, हे तुम्हीही जाणता आणि मीही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने, २००६ साली पीपीडीला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ’ ठरवलं होतं, ते उगाच नव्हे. एकदा ही ॲलर्जी जडली की तिचे नातलग पदार्थही बाधू लागतात. जागा बधिर करणारी बेन्झोकेनची मलमं आणि कपड्यांचे काही गडद रंग त्यांत येतात.

इथेच आणखी एक गैरसमज काढून टाकायला हवा. पुडीवर पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ‘अमोनियामुक्त’ लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक ते ‘निर्धोक’ असं वाचतं. अमोनिया नसला तर वास कमी येतो, डोळ्यांना झोंबत नाही. पण पीपीडी आहे की नाही याच्याशी अमोनियाचा काही संबंध नाही. काळा रंग पक्का बसवण्याचं काम पीपीडी करतं, आणि ते अमोनियामुक्त पुडीतही खुशाल असू शकतं.

“मग मेंदी लावा की,” काका म्हणतील. “आमच्या आजीनं आयुष्यभर मेंदीच लावली. नैसर्गिक आहे, विष कुठून येणार?” आजीची मेंदी लालसर-नारिंगी होती, काका. मेंदीच्या पानातला लॉसोन हा घटक तोच रंग देतो; फार तर त्यावर तपकिरी छटा चढते. पानाने केस काळेभोर होत नाहीत. ‘काळी मेंदी’ या नावाने जी पुडी मिळते तिच्यात काळा रंग येतो तो बहुधा पीपीडीचाच. नाव जुनं ठेवून आतली वस्तू बदलण्याचा हा प्रकार आपल्याकडेच झाला असंही नाही. मोरोक्कोत टाकाऊट नावाचा केसांचा रंग पूर्वी टॅमरिक्स नावाच्या झाडावरच्या गाठींपासून करत. झाडाच्या गाठी दुर्मीळ झाल्या, तसं त्याच नावाने पीपीडी विकलं जाऊ लागलं आणि विषबाधेचे रुग्ण रुग्णालयांत येऊ लागले. सुदानमध्ये बायका हातापायावरची मेंदी लवकर आणि गडद रंगावी म्हणून तिच्यात पीपीडी मिसळतात. खार्टूममधल्या डॉक्टरांनी १९९२ साली या मिश्रणाने विषबाधा झालेल्या ३१ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. युरोपीय संघात केसांच्या रंगाच्या खोक्यावर आज अशीही सूचना असते, की काळ्या मेंदीच्या तात्पुरत्या गोंदणामुळे ॲलर्जीचा धोका वाढतो. सोळा वर्षांखालच्यांसाठी हा रंग नाही, हेही तिथे लिहावं लागतं, आणि मिसळून डोक्यावर लावताना पीपीडीचं प्रमाण दोन टक्क्यांवर जाता कामा नये असं बंधन आहे. खरी मेंदी बहुतेकांना सोसते. पण जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला मेंदी लावली तर लॉसोन कातडीतून आत जाऊन रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. बारशाला बाळाच्या तळव्यांवर मेंदीचा ठिपका काढण्याआधी एवढं ठाऊक असावं. झाडपाल्याचं म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण इथेही टिकत नाही.

आता काका त्यांच्या खऱ्या मुद्द्यावर येतील. “हे सगळं कातडीचं झालं, ताई. ते तर पुडीवर छापलेलं आहेच. तुमचं म्हणणं गिळण्याबद्दल आहे. कलप पोटात घेतं कोण? एखादं लेकरू चुकून. बाकीचे मुद्दाम घेतात. जो जिवावर उदार झालाय तो पुडीच्या मागचं वाचत बसेल?”

या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी पुडीवरची सूचना कुठून आली ते पाहायला हवं. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्या रंगवण्याचा कलप विकला जात होता. त्यात पीपीडी होतं. बायकांच्या डोळ्यांना जखमा झाल्या, काहींची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला. तिथला तेव्हाचा कायदा १९०६ चा होता आणि सौंदर्यप्रसाधनं त्याच्या कक्षेतच नव्हती, त्यामुळे सरकारला तो माल बाजारातून उचलता येईना. १९३८ च्या नव्या कायद्याने ती सोय केली. मात्र डांबरापासून तयार होणाऱ्या केसांच्या रंगांना त्यात एक सवलत राहिली: ठरलेली सूचना छापा आणि विका. त्या सूचनेत दोन गोष्टी होत्या, त्वचेची चाचणी आणि पापण्या-भुवयांना मनाई. आपल्याकडे १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनं औषध कायद्याखाली आली, आणि कलपाच्या वेष्टनावर जो मजकूर सक्तीचा झाला तो जवळजवळ शब्दशः १९३८ चा अमेरिकन मजकूर आहे. २०२० साली सौंदर्यप्रसाधनांचे वेगळे नियम आले, त्यांतही तोच पुढे चालू राहिला. म्हणजे आपल्या पेठेतल्या पुडीवर जी सावधगिरी लिहिली आहे ती नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेत डोळे गमावलेल्या बायकांच्या अपघातातून आली. त्यांच्या दुःखातून शहाणपण घेतलं हे चांगलंच झालं. पण आपल्या देशात कलपाची जी गंभीर विषबाधा होते ती प्रामुख्याने गिळल्याने होते. आंध्र, तेलंगणा, तमिळनाडू, ओडिशा, उत्तर प्रदेश इथल्या रुग्णालयांनी तिचे रुग्ण वर्षानुवर्षं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले आहेत. आपल्या अपघाताची सूचना अजून कुणी लिहिलेलीच नाही.

आणि काका, ती सूचना पुडी उघडणाऱ्या माणसापेक्षा त्याला पडलेला पाहणाऱ्या माणसासाठी हवी आहे. कलप पोटात गेलेल्या माणसाचा चेहरा, जीभ, गळा सुजू लागतो. मान जबड्याच्या रुंदीची होते. घरच्यांना वाटतं काहीतरी चावलं. दवाखान्यात कुणी सांगितलंच नाही, तर डॉक्टरांनाही ती ॲलर्जीची सूज वाटू शकते. एक इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जातं आणि वाटेत श्वास अडतो. अशा वेळी गळ्याला पुढून छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवावी लागते, आणि ती वेळेवर बसली तर माणूस पहिल्या संकटातून सुटतो. दुसरं संकट हळूहळू येतं. विषामुळे अंगभरचे स्नायू दुखू लागतात, ताठर होतात, मग त्यांच्या पेशी फुटतात आणि आतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं. लघवी चॉकलेटी, मग काळपट होते. हे मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांत अडकून त्या बंद करतं. काहींच्या हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. या विषावर नेमका उतारा नाही, पण उपचार आहेत: श्वासाची वाट मोकळी ठेवणं, शिरेतून भरपूर सलाईन, हृदयावर लक्ष, गरज पडली तर डायलिसिस. आणि जे वाचतात त्यांची मूत्रपिंडं बहुधा पुन्हा नीट काम करू लागतात. एवढा मोठा फरक काही तासांवर अवलंबून आहे. रात्री अकरा वाजता ग्रामीण रुग्णालयात पोचलेल्या सुनेच्या जावेच्या हातात ती पुडी असेल आणि पुडीवर ठळक मराठीत लिहिलेलं असेल, ‘पोटात गेल्यास गळा सुजून श्वास अडू शकतो, लगेच मोठ्या रुग्णालयात न्या’, तर ड्युटीवरचा तरुण डॉक्टर तिला तिथे ठेवून न घेता नळी बसवण्याची सोय असलेल्या ठिकाणी ताबडतोब पाठवेल. एवढ्यासाठी ते छापायचं.

लेकरांबद्दल तुम्ही ओझरतं बोललात, पण तो विषय ओझरता नाही. कलप वाटीत कालवून मोरीच्या कट्ट्यावर ठेवला जातो, उरला तर झाकून दुसऱ्या दिवसासाठी राहतो. रांगणाऱ्या पोराला ती वाटी आणि खिमटाची वाटी सारखीच. केसांच्या बाबतीत घराघरांत आणखी दोन सवयी आहेत: उवांसाठी डोक्याला रॉकेल चोळणं, आणि खोबरेलात कापूर विरघळवून बाटली भरून ठेवणं. रॉकेल पोटात गेलं तर ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, आणि उलटी करवली तर आणखी उतरतं. कापूर थोडा जरी पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. यांतल्या एकाही बाटलीला मुलाला उघडता येणार नाही असं बूच नसतं. तुम्ही विचारलंत कशाकशावर शिक्का मारणार. उत्तर असं की ज्या वस्तू घरातल्या हाताशी येणाऱ्या फळीवर राहतात आणि पोटात गेल्यावर काही तासांत जीव धोक्यात आणतात, त्या सगळ्यांवर.

यावर काकांचा शेवटचा आक्षेप येईल, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. “पुडीवर असं छापलं, की ज्याला ठाऊक नव्हतं त्यालाही ठाऊक होईल. तुम्ही वाचवायला जाल आणि वाट दाखवून बसाल.” ही भीती मी झटकून टाकणार नाही. म्हणूनच मजकुरात मृत्यूचा बडेजाव नको, प्रमाण नको, चित्र नको. लक्षणं, घाई आणि रुग्णालय एवढंच हवं. पण हे एवढं सांभाळूनही केवळ अक्षरांनी भागणार नाही हे मी मान्य करते. खरा उपाय पुडीच्या आत आहे. ‘जो जाणार तो कसाही जाणारच’ हे आपण इतक्या वेळा ऐकलेलं असतं की ते खरं वाटतं. श्रीलंकेचा अनुभव याच्या उलट आहे. तिथे १९९५ मध्ये आत्महत्यांचं प्रमाण लाखामागे ४७ होतं. त्या वर्षी सर्वांत जहाल कीटकनाशकांवर निर्बंध आले, १९९८ मध्ये एंडोसल्फानवर आले, आणि २००५ पर्यंत हे प्रमाण २४ वर उतरलं. बेकारी, दारू, यादवी युद्ध या कारणांनी ती घट समजावता आली नाही. माणसांची दुःखं तीच राहिली, हाताशी असलेलं विष सौम्य झालं, आणि हजारो माणसं तो एक दिवस ओलांडून पुढे जगली. कारण मनात येणारी ती लाट बहुतेकांच्या बाबतीत ओसरते. ओसरेपर्यंत माणूस जिवंत राहायला हवा. २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदींत आत्महत्यांची सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती, २२,७४६. आपल्या राज्याला तरी हा हिशेब परका नाही.

“म्हणजे शेवटी आमच्याच पोटावर पाय,” असं काका म्हणतील, तर तो मात्र गैरसमज आहे. कलप विकू नका असं कुणी म्हणत नाही. पांढरे केस झाकावेसे वाटणं ही काही लाज वाटण्यासारखी गोष्ट नव्हे. वयाकडे बघून काम नाकारणाऱ्या जगात ती पुष्कळांची गरजही आहे. मागणी आहे ती कारखानदाराकडे आणि सरकारकडे: पीपीडीचं प्रमाण युरोपात आहे तसं काटेकोर बांधा आणि ते बाजारातल्या पुड्या तपासून पाहा, बाटलीला मुलांना न उघडणारं बूच लावा, ‘काळी मेंदी’ म्हणून विकायचं असेल तर आत पीपीडी आहे हे पुढच्याच बाजूला मेंदीच्या पानाइतक्या मोठ्या अक्षरांत लिहा. सूचना मागे छापली तर गिऱ्हाईक वाचत नाही, हा तुमचा अनुभव मला शंभर टक्के मान्य आहे, म्हणून ती पुढे हवी. अन्न व औषध प्रशासनाकडे हे तपासण्याचे अधिकार आहेत. दुकानदाराकडून अपेक्षा एवढीच, की कलपाच्या माळा दारात पोरांच्या हाताला लागतील अशा न टांगता गल्ल्याच्या मागे ठेवाव्यात, आणि सुटा कलप कुणाला काढून देऊ नये. यात एका गिऱ्हाइकाचंही नुकसान नाही.

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर हा लेख वाचणाऱ्याने आज घरातली कलपाची पुडी, कापराचं तेल आणि रॉकेलची बाटली मोरीतून काढून कुलपाच्या कपाटात ठेवावी. कालवलेला कलप उरला तर तो लगेच टाकून वाटी धुवावी. कुणाच्या पोटात गेलाच, तर उलटी करवू नये, मिठाचं पाणी पाजू नये; पुडी किंवा बाटली सोबत घेऊन १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावं की कलप पोटात गेला आहे. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस सल्ला देतं. डॉक्टरांनीही तिथे विचारावं. आणि घरातलं कुणी जगण्याला कंटाळल्यासारखं बोलत असेल, गप्प गप्प राहत असेल, तर त्याच्याजवळ बसावं, आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक त्याला लावून द्यावा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.